गणदास, हरदत्त आणि एक सेंटर फॉरवर्ड

आमच्याकडे, म्हणजे शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला पाबळच्या पंचक्रोशीत, उन्हाळी कबड्डी शिबिराला कोणाला बोलवायचं यावर दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी तो एकाच वाक्यापाशी येऊन बसतो. ‘ज्यानं मैदान मारलं, तोच शिकवणार. बाकीचे सगळे पुस्तकी.’ हे वाक्य अण्णांचं. अण्णा एके काळचे चढाईपटू. त्यांच्यापुढे फारसं कोणी बोलत नाही, कारण त्यांच्या गुडघ्यावरची खूण अजून दिसते आणि आमच्या मैदानावर ती कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त चालते.

पुण्यात गेलं की याच वाक्याची उलटी बाजू ऐकायला मिळते. तिथले जाणकार चहाच्या दुसऱ्या घोटाला सांगतात, ‘मोठा खेळाडू कधी चांगला कोच होत नाही. त्याला सगळं उपजत आलेलं असतं. दुसऱ्याला का जमत नाही हेच त्याला उमगत नाही. कोच व्हायला बाकावर बसून दिवस काढलेला माणूस लागतो.’ त्यातही आघाडीला खेळणारा, गोल मारणारा किंवा चढाया करणारा असेल, तर तो मुळातच आपमतलबी. त्याला संघ काय कळणार, असंही वर ऐकवतात.

ही दोन मतं एकमेकांच्या उरावर बसलेली दिसतात. मला ती सख्खी भावंडं वाटतात. दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे. शिकवणं म्हणजे खेळून झाल्यावर अंगात उरलेला माल, हे ते गृहीत. अण्णांच्या मते भरपूर खेळलेल्याकडे तो भरपूर उरतो. पुणेकरांच्या मते कमी खेळलेल्यानं तो कमी खर्च केलेला असतो म्हणून उरतो. माल तोच, फक्त हिशेब वेगळा. मला खोडायचा आहे तो हा माल.

वाद नवा नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्य आहेत, गणदास आणि हरदत्त. थोर कोण यावरून दोघांची जुंपते आणि प्रकरण राजापुढे जातं. निवाडा करायला बसते ती पंडिता कौशिकी, एक परिव्राजिका. तिनं केलेला भेद असा, की एखाद्याची कला त्याच्या स्वतःच्या अंगी शोभून दिसते, दुसऱ्याचं कसब ती कला दुसऱ्यात उतरवण्यात असतं, आणि ज्याच्यापाशी दोन्ही आहे त्याला शिक्षकांच्या अग्रभागी बसवावं. दुसऱ्या कसबाला कालिदासाचा शब्द आहे ‘संक्रांति’. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो तशी विद्या एका देहातून दुसऱ्या देहात जाते. आणि परीक्षा कशी? आचार्यांना नाचायला लावायचं नाही, त्यांच्या शिष्यांना नाचू द्यायचं.

(हा सगळा तंटा विदूषकानंच लावून दिलेला असतो, राजाला गणदासाची शिष्या मालविका डोळे भरून बघता यावी म्हणून. कोच निवडण्याच्या आपल्याकडच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही.)

तेव्हा स्वतःच्या अंगची कला आणि संक्रांति या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तर जुन्यांनी सांगूनच ठेवलं आहे. पण अण्णा कालिदासाला मानायचे नाहीत. त्यांना उदाहरण पाहिजे, आणि तेही मातीतलं. मी जे उदाहरण देणार आहे ते मातीपेक्षा बर्फातलं जास्त आहे, पण त्याचा आकार आपल्या ओळखीचा आहे. २०११च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख ८५ हजारांच्या घरात होती, शेजारच्या दौंडची ३ लाख ८० हजार. आइसलँड हा अख्खा देश आज साधारण तेवढाच आहे. एका तालुक्याएवढ्या लोकवस्तीतून अकरा माणसं उभी करून त्यांनी २०१६च्या युरो फुटबॉल स्पर्धेत इंग्लंडला २-१ हरवलं, आणि २०१८च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं.

या देशात राजधानीच्या समोर, उपसागराच्या पलीकडच्या काठावर आक्रानेस नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथे ६ मार्च १९७३ला जुळे भाऊ जन्मले, अर्नार आणि बियार्की. पुढे दोघंही ‘गुन्लॉग्सन’, म्हणजे गुन्लॉगुरचे चिरंजीव. तिकडे बहुतेकांना आडनाव नसतं, बापाचं नाव लावतात आणि देशाच्या पंतप्रधानालाही पहिल्या नावानं हाक मारतात. अर्नार सेंटर फॉरवर्ड. १९९२ला आक्रानेसचा संघ खालच्या श्रेणीतून नुकताच वर आला होता, आणि त्याच वर्षी तो थेट विजेता ठरला. अर्नार लीगमध्ये सर्वाधिक गोल मारणारा. मग दोघे भाऊ हॉलंडला फेयेनूर्डकडे आणि तिथून जर्मनीला गेले. १९९५च्या उन्हाळ्यात अर्नार थोड्या दिवसांसाठी गावच्या संघाकडे परतला, सात सामने खेळला आणि पंधरा गोल मारून पुन्हा पहिला आला. सातात पंधरा! आमच्याकडे एवढ्यावर गावच्या वेशीवर कमान उभी राहिली असती.

पुढे फ्रान्स, इंग्लंडात बोल्टन, मग १९९९ला लेस्टर. तिथे दुखापती आणि बाक. आंतरराष्ट्रीय सामने बत्तीस, गोल तीन. गावात मारलेले गोल मोठ्या मैदानात काही उतरले नाहीत.

आता अण्णांच्या मताची कसोटी बघू. २००६ आणि २००८ अशी दोन वर्षं, हंगाम अर्ध्यावर आलेला असताना, या जुळ्यांनी खेळत खेळत आक्रानेसच्या संघाची सूत्रं हाती घेतली. गावचे लाडके, विजेतेपद आणलेले, युरोप बघून आलेले. मैदान मारलेला माणूस याहून कोण असणार? २००८ला तो संघ खालच्या श्रेणीत घसरला. जहाज आधीच कललेलं होतं हे मान्य, आणि सगळा दोष जुळ्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण मारलेल्या गोलांच्या पुण्याईवर ते सरळही झालं नाही.

त्यानंतर दहा वर्षं. २०१८ला हाच अर्नार रेक्याविकच्या व्हिकिंगुर क्लबमध्ये मुख्य प्रशिक्षक लोगी ओलाफ्सन यांच्या हाताखाली सहायक म्हणून बसला. हे लोगी म्हणजे १९९६ला टालिनमध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेले गृहस्थ. त्या सामन्यात त्यांनी आर्नोर गुडजॉन्सन या बापाला बाहेर काढून त्याच्या जागी सतरा वर्षांच्या मुलाला, आइदुरला, आत पाठवलं. बापलेकांची ती बदली जगभर गाजली. त्याच सामन्यात बियार्कीनं तीन गोल मारले होते, ते कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. तर पंचेचाळिशीतला, सातात पंधरा मारलेला माणूस जुन्या प्रशिक्षकाशेजारी दुय्यम खुर्चीत बसतो, आणि हंगाम संपल्यावर संघ त्याच्या हाती येतो. २०१९ला व्हिकिंगुर राष्ट्रीय चषक जिंकतो, १९७१नंतर पहिल्यांदा. मग २०२१, २०२२, २०२३ला पुन्हा चषक. २०२१ला लीग, तीस वर्षांनी. २०२३ला परत लीग. २०२४च्या शरदात युरोपच्या कॉन्फरन्स लीगमध्ये बेल्जियमच्या सेर्कल ब्रुगला ३-१ हरवून, पुढे आइसलँडमधला कुठलाही क्लब कधी गेला नव्हता त्या बाद फेरीपर्यंत. २०२५च्या जानेवारीत देशाचा संघ अर्नारच्या स्वाधीन झाला.

२००८चा अर्नार आणि २०१९चा अर्नार यांच्या पाठीशी असलेले गोल तेच होते. एकही वाढला नव्हता. मग बदललं काय? अण्णांच्या मताकडे याचं उत्तर नाही, कारण त्यांच्या मते कोच खेळाडूतच तयार होऊन बसलेला असतो. बूट काढले की बाहेर येतो. आणि पुणेकरांच्या मताकडेही नाही, कारण बाकावरचे दिवस २००८च्या आधीच भोगून झालेले होते. मधल्या वर्षांत झालं असेल ते एवढंच, की तो शिकवायला शिकला. पहिल्यापासून, नवशिक्यासारखा.

इथे कोणी म्हणेल, एका माणसावरून सिद्धांत काढता? नाही. म्हणून त्याच देशातला दुसरा घेतो, तो बाप-लेक प्रसंगातला लेक. आइदुर गुडजॉन्सन हा आइसलँडचा आजवरचा सर्वांत गाजलेला आघाडीपटू. चेल्सीकडून २००५ आणि २००६ला इंग्लंडची लीग, बार्सिलोनाकडून २००९ला चॅम्पियन्स लीग. देशासाठी २६ गोल. अर्नारच्या तिनाशेजारी हा आकडा ठेवून बघा. २०२२च्या जूनमध्ये तो एफएच या क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि ऑक्टोबरात ते संपलं. संघ कसाबसा वर टिकला. पुण्यातले जाणकार इथे टाळी देतील. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो!’

थांबा. टाळी फार घाईची आहे.

मोठा खेळाडू प्रशिक्षक म्हणून फसला की बातमी होते. लहान खेळाडू फसला की बातमी होत नाही, कारण तो कोण हेच कोणाला ठाऊक नसतं. युरोपात आणि आपल्याकडे दर वर्षी शेकड्यांनी अनामिक माजी खेळाडू कोच होतात आणि शेकड्यांनी घरी जातात. त्यांची कोणी मोजदाद ठेवत नाही. त्यातला एखादा वर आला की आपण म्हणतो, बाकावरचा माणूसच कोच होतो. हे म्हणजे बाजारात आलेले तेवढेच कांदे मोजून चाळीत सडले किती याचा अंदाज सांगण्यासारखं आहे. आमच्या भागातला शेतकरी तरी असा हिशेब करत नाही.

आणि फसलेल्यांची यादी द्यायची, तर तरलेल्यांचीही द्यावी लागेल. ॲलेक्स फर्ग्युसन सेंटर फॉरवर्डच होते; १९६५-६६च्या हंगामात डनफर्मलिनकडून त्यांनी स्कॉटलंडच्या लीगमध्ये ३१ गोल मारले. आघाडीपटू आपमतलबी असतो हे सूत्र त्यांना कोणी कळवलं नसावं. पण परदेश कशाला? पुण्यातच गोकुळ वस्ताद तालीम आहे. तिथे हरिश्चंद्र बिराजदार मामा वस्ताद होते. १९६९चे महाराष्ट्र केसरी, १९७०च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण, पुढे रुस्तम-ए-हिंद. म्हणजे आपल्या काळातले अव्वल मल्ल. त्यांचे पठ्ठे काका पवार, अर्जुन पुरस्कार. मामांच्या आणि पुढे काकांच्या हाताखाली तयार झालेला, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे, २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. तीन पिढ्या, तिन्ही आखाड्यात गाजलेल्या आणि त्यातल्या दोन शिकवण्यातही. ‘मोठा खेळाडू कोच होत नाही’ म्हणणाऱ्यानं या साखळीसमोर उभं राहून ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं.

पण अण्णांनीही या साखळीवर लगेच हक्क सांगू नये. कारण दुसऱ्या बाजूला क्रिकेटचे रमाकांत आचरेकर सर आहेत. प्रथम श्रेणीचा सामना त्यांनी आयुष्यात एकच खेळला, स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादेत मोईन-उद्-दौला स्पर्धेत. १९९०ला द्रोणाचार्य. शिष्यांची नावं सांगायची गरज नाही. आइसलँडला युरोत आणि विश्वचषकात नेणारे हेइमिर हाल्ग्रिमसन तर दाताचे डॉक्टर. मैदान मारलेलेही आणि न मारलेलेही, दोन्हीकडे वर आलेले आणि दोन्हीकडे फसलेले. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर हेतू व्यभिचारी आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो म्हणावं, तर इथे धुराशिवाय अग्नी आणि अग्नीशिवाय धूर दोन्ही सापडतात.

राहता राहिला सर्वांत अवघड दाखला, आणि तो मीच काढतो, कारण अण्णांना कोणी सांगितलं तर माझी पंचाईत. फ्रान्झ बेकेनबाउअर. खेळाडू म्हणून विश्वविजेता, आणि १९८४ला पश्चिम जर्मनीचा संघ हाती आला तेव्हा प्रशिक्षकाचा परवानासुद्धा जवळ नाही. तरी १९९०ला विश्वचषक. परवाना, अभ्यास, दुय्यम खुर्ची काही लागलं नाही! पण नीट बघितलं तर जर्मनांनी त्यांना प्रशिक्षक म्हटलंच नाही. परवाना नाही म्हणून ‘टीमशेफ’ असं वेगळं पद काढलं आणि शेजारी होल्गर ओसिएकसारखा शिकलेला प्रशिक्षक बसवला. गाजलेलं नाव आणि शिकवण्याची विद्या ही दोन कामं त्यांनी दोन माणसांत वाटली. दोन्ही एकच असती तर वाटायची गरज काय होती?

आता घराजवळचं. खालिद जमील. जन्म कुवेतचा, फुटबॉल मुंबईचं. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, भारताचा संघ. तो मधल्या फळीत खेळायचा, सेंटर फॉरवर्ड नव्हे. इथे माझं उदाहरण काटेकोर बसत नाही हे आधीच सांगतो. शेवटी मुंबई एफसी या क्लबकडे आला, पण गुडघ्यांनी खेळू दिलं नाही. २००९ला त्याच क्लबचा प्रशिक्षक. पुढची सात वर्षं त्यानं काय केलं, तर फार कोणी बघायला येत नसलेल्या मैदानांवर, थोड्या पैशांच्या संघाला दर वर्षी खाली घसरण्यापासून वाचवलं. त्या काळात त्याच्यावर शेरा असायचा, ‘बचावात्मक.’ २०१६ला क्लबनं त्याला मोकळं केलं.

तो मिझोरामला गेला. ऐझॉल एफसी हा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली गेलेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला जागा परत मिळाली. खालिदनं मुंबईतून जयेश राणे, आशुतोष मेहता अशी आपल्याला ठाऊक असलेली माणसं सोबत नेली. २२ एप्रिल २०१७ला मोहन बागानविरुद्ध झोमिंगलियाना राल्तेच्या हेडरनं १-० असा विजय, आणि ३० एप्रिलला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी साधून विजेतेपद. खाली गेलेला संघ वर्षभरात देशात पहिला. आक्रानेसनं १९९२ला केलं त्याच जातीचं काम, फक्त तिथे अर्नार मैदानात होता आणि इथे खालिद मैदानाबाहेर. ऑगस्ट २०२५मध्ये खालिद भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०१२पर्यंत असलेल्या गोव्याच्या सावियो मेदेरांनंतर पहिल्यांदाच भारतीय माणूस.

पुढचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर खंडनाऐवजी जाहिरात होईल. १४ ऑक्टोबर २०२५ला मडगावात भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. अर्नारच्या आइसलँडनंही आदल्याच रात्री फ्रान्सला २-२ असं रोखलं खरं, पण नोव्हेंबरात युक्रेनकडून हार पत्करून विश्वचषक हुकवला. संक्रांति साधणारा माणूसही हरतो. शिकवता येणं म्हणजे जिंकण्याची हमी असं मी कुठे म्हटलेलं नाही. ती हमी अण्णांच्या मतात दडलेली असते, माझ्या नाही.

अण्णांचा सर्वांत भारी मुद्दा अजून बाकी आहे, आणि तो त्यांनी मला आश्रमाच्या वाटेवर ऐकवला. पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ला इथे आले, दुष्काळी गावात, आणि शाळेतल्या पोरांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज असं हातानं करत शिकवायला लागले. आश्रमातले ते घुमटाकार डोम लांबून दिसतात. त्रिकोण जोडून जोडून केलेले. अण्णा म्हणाले, ‘वेल्डिंग कोण शिकवतो? ज्याच्या हाताला चटके बसलेत तो. पुस्तक वाचून कोणी वेल्डर झालाय का? मग कबड्डी वेगळी कशी?’

मुद्दा खरा आहे. हात घातल्याशिवाय विद्या येत नाही, यावर तर आश्रम उभा आहे. पण अण्णा अर्ध्यावर थांबले. हात घालायचा तो शिकणाऱ्यानं. आश्रमातलं सूत्र ‘करून शिक’ असं आहे, ‘केलेल्याकडे बघत बस’ असं नाही. आणि कलबाग स्वतः वेल्डर नव्हते, गवंडीही नव्हते. त्यांनी शोधून काढलं ते वेगळंच होतं. कोणतं काम आधी द्यावं, कोणतं नंतर; चूक झाली की पोराला स्वतःला ती कुठे दिसेल; मोजमाप आणि भूमिती डोममध्ये आपोआप कशी येईल. चटके बसलेला कारागीर त्यांना हवाच होता, पण कामांचा तो क्रम कारागिरानं आणलेला नव्हता. क्रम लावणं ही वेगळी कारागिरी.

हेच मी मैदानावर पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावच्या शिबिराला एक बडा चढाईपटू आला होता. नाव नको. फेटा, नारळ, सेल्फी, आणि मग त्यानं हनुमान उडी मारून दाखवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोबाईलसाठी. उडी खरोखर देखणी होती. ‘बघितलं ना? असं करायचं,’ म्हणाला आणि गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी झाडून सगळी पोरं उड्या मारत होती. संध्याकाळपर्यंत एकाचा घोटा सुजला.

उडी दिसते. उडीच्या आधीचं दिसत नाही. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, डाव्या कोपऱ्याकडे झुकतो, बोनसला पाय टाकल्याचा भास करतो. कोपऱ्यातला गडी घोट्यासाठी पुढच्या पायावर वजन घेतो, तेवढ्यात मधला खांदा पाडून धडकायला आत येतो. त्याचं डोकं खाली गेलेलं असतं. ती उडी त्या खाली गेलेल्या डोक्याचं उत्तर आहे. डोकं खाली गेलेलंच नसेल, तर उडी मारणारा आपण होऊन समोरच्याच्या छातीत जाऊन पडतो. बड्या खेळाडूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या पायांना ठाऊक होतं. तोंडापर्यंत कधी आलं नव्हतं, कारण यायची गरजच पडली नव्हती.

त्यानंतर तिथे शाळेतले पीटीचे सर रोज यायला लागले. सर तालुक्याच्या पुढे खेळलेले नाहीत. त्यांनी पहिले चार दिवस चढाईच बंद केली. पोरांना कोपऱ्यात उभं केलं आणि सांगितलं, समोरच्याचा पाय बघू नका, तुमचं स्वतःचं वजन कुठल्या पायावर गेलं ते मोठ्यानं सांगा. ‘पुढच्या!’ ‘मागच्या!’ असा ओरडा वेशीपर्यंत ऐकू यायचा आणि लोक हसायचे. पाचव्या दिवशी त्याच पोरांना चढाईला पाठवलं. आता त्यांना समोरच्याचं वजन वाचता येत होतं, कारण आधी स्वतःचं वाचलं होतं.

चढाईपटू किंवा आघाडीपटू आपमतलबी म्हणून कोच होणार नाही, या समजुतीचंही उत्तर इथेच मिळतं. सातजणांची फळी समोरून, एकट्यानं, अर्ध्या मिनिटात कोणी वाचत असेल तर तो चढाईपटू. पकडीतली फट पकड करणाऱ्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. तिथून तो सुटलेला असतो किंवा तिथेच अडकलेला असतो. ज्ञान आहेच. प्रश्न ते दुसऱ्यात उतरवण्याचा. प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणचंच घ्या. अनुप कुमार २०१६च्या विश्वविजेत्या भारताचा कर्णधार, मैदानावरचं शांत डोकं. तो प्रशिक्षक असताना २०१९ला पलटण बाद फेरीतही गेली नाही, आणि पुढच्या हंगामात गेली. त्याच विश्वविजेत्या संघातला दुसरा चढाईपटू अजय ठाकूर. तो प्रशिक्षक असताना २०२५ला पलटण थेट अंतिम फेरीत, तीन गुणांनी हरली. मधल्या काळात बी. सी. रमेश यांच्या हाताखाली १ मार्च २०२४ला विजेतेपद. तिघंही अर्जुन पुरस्कारविजेते. नावावरून यातलं काही सांगता आलं असतं का? अनुपच्याच दोन हंगामांतला फरक त्याच्या चढायांवरून कसा काढणार?

हे सगळं मी गेल्या महिन्यात अण्णांना पारावर बसून सांगितलं, गणदास-हरदत्तासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही कधी चढाई केलीय का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग कसं बोलता?’ मंडळी हसली. खंडन तिथेच संपलं.

पण परवा संध्याकाळी मैदानावरून येत होतो. पाण्याचा टँकर गेल्यानं फक्कीच्या रेषा अर्ध्या पुसल्या होत्या आणि सर वाकून त्या पुन्हा ओढत होते. अण्णा कठड्यावर बसलेले. सरांनी हाक मारली, ‘अण्णा, तुमचा तो टो टच पोरांना दाखवता का?’ अण्णा चपला काढून आत आले. या वयात, दुखऱ्या गुडघ्यानं, तरी पाय सापासारखा गेला आणि कोपऱ्यातल्या पोराच्या पावलाला लागून परत आला. पोरं ओरडली.

‘कसं केलंत?’ एकानं विचारलं.

‘असं,’ म्हणून अण्णांनी पुन्हा केलं.

‘अण्णा,’ सर म्हणाले, ‘एकदा अगदी सावकाश करा. मध्ये मी म्हणेन तिथे थांबायचं.’

अण्णा वैतागले, पण केलं. सरांनी ‘थांबा’ म्हटलं तेव्हा पाय अजून जमिनीवरच होता. अण्णा तसेच उभे राहिले, आणि मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे बघायला लागले.

‘आयला,’ ते म्हणाले, ‘माझा उजवा खांदा आधी पडतो की.’